झेन, ताओ आणि जपानी चहा एकाच रिट्रीटमध्ये: जावं का, गुडघ्यांचं काय, आणि तिथे नेमकं काय होतं

तुमचे प्रश्न तीन आहेत असं मी धरते. क्योतोजवळच्या डोंगरातल्या एका देवळात सात दिवसांचं रिट्रीट आहे, पहाटे झाझेन म्हणजे झेनचं बसून ध्यान, दुपारी चीनच्या ताओ परंपरेतली साधना, चारच्या पुढे जपानी चहा. ही नुसती खिचडी तर नाही ना? वय ५३ आणि गुडघे कुरकुरतात, झेपेल का? आणि दोनदा इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस बसून आलात, तर यात वेगळं काही मिळेल का? ताई म्हणून विचारलंत, म्हणून जरा लांबच लिहिते.

आधी मी कुठून बोलतेय ते. चहा शिकायला लागून मला सोळा वर्षं झाली, उरासेंके या चहाच्या घराण्याच्या पद्धतीने, झाझेन त्याच्याही थोडं आधीपासून, आणि ताओवाल्यांचं उभं राहणं गेली सात-आठ वर्षं एका तैवानी शिक्षकांकडे. अशा मिश्र रिट्रीटला मी तीनदा बसायला गेलेय आणि चारदा मिझुयात काम करायला. मिझुया म्हणजे चहाच्या खोलीमागची तयारीची जागा, तिथे वाट्या धुणं, माचा, म्हणजे हिरव्या चहाची पावडर, चाळणं, पाणी भरणं हे सगळं चालतं. मला विचाराल तर माणसं कशी बसतात हे मला ध्यानाच्या हॉलपेक्षा मिझुयातून जास्त कळलं, आणि ते का, ते खाली येईलच.

खिचडीचं आधी बघू. जाहिरातीत "हजारो वर्षांचा संगम" असं काही लिहिलं असेल तर ते सोडून द्या. जपानमधल्या झेन देवळात ताओ साधना असा वेगळा तास नसतो, आणि चीनमधल्या ताओ मठात जपानी चहा होत नाही. या तिघांना एका माळेत ओवून जगापुढे मांडलं ते प्रामुख्याने जपानी कलाअभ्यासक ओकाकुरा काकुझो यांनी, १९०६ साली, आणि तेही इंग्रजीत, परदेशी वाचकांसाठी चहावर पुस्तक लिहून. (हे ओकाकुरा १९०२ मध्ये भारतात होते आणि टागोर कुटुंबाशी त्यांचं चांगलं जुळलं होतं.) म्हणजे हे पॅकेज तसं नवीनच आहे.

पण खालची मुळं खरंच एकमेकांत गुंतलेली आहेत. आपला ध्यान हा शब्द चीनमध्ये गेला, तिथे चान-ना झाला, मग नुसता चान, आणि जपानमध्ये झेन. बौद्ध ग्रंथ चिनीत आणताना सुरुवातीच्या भाषांतरकारांनी ताओवाल्यांचेच शब्द उसने घेतले कारण हाताशी तेच होते, त्यामुळे चानच्या बोलण्यात ताओचा वास पहिल्यापासून आहे. आणि चहाच्या मार्गाला जपानीत चादो म्हणतात, त्यातलं "दो" हे अक्षर म्हणजे तेच ताओचं अक्षर. चहाही भिक्षूंबरोबरच आला, एइसाई नावाचे भिक्षू ११९१ मध्ये चीनहून झेनचा रिन्झाई पंथ घेऊन परतले तेव्हा चहाचं बी बरोबर होतं असं मानतात, आणि देवळात चहा प्यायचे तो बसताना डुलकी लागू नये म्हणून. पावडर घुसळून प्यायची पद्धत ही त्या काळच्या चीनची, सोंग राजवटीची. पुढे मिंग काळात चीनने ती सोडली आणि पानं पाण्यात भिजवायला लागले, जपानने मात्र धरून ठेवली. क्योतोच्या केन्निन-जी देवळात दरवर्षी २० एप्रिलला एइसाईंच्या स्मरणार्थ जुन्या पद्धतीचा चहा होतो, त्यात पाहुणा बसलेला असतो, वाटीत पावडर आधीच घातलेली, आणि भिक्षू उभ्या उभ्या वाकून पाणी ओततो आणि तिथेच पाहुण्याच्या हातातल्या वाटीत घुसळतो. मी ते पाहिलं तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की चहाची खोली आणि देवळाचा हॉल ही एकाच घराची दोन दालनं आहेत.

म्हणून माझं मत असं की तिन्ही एकत्र ठेवणं चूक नाही, घुसळून एक करणं चूक आहे. चांगल्या रिट्रीटमध्ये तिघांचे शिक्षक वेगळे असतात, प्रत्येकजण आपलंच शिकवतो, आणि झाझेनच्या तासाला कोणी "आता ऊर्जा वर घ्या" असं म्हणत नाही. मी एकदा पैसे भरून अशा ठिकाणी गेले जिथे एकच माणूस तिन्ही शिकवत होता, बासरीचं रेकॉर्डिंग लावून, आणि कशालाही विचारलं की उत्तर एकच, सगळं एकच आहे. चौथ्या दिवशी मला कळेना की मी बसतेय, झोपतेय की गाणं ऐकतेय. तेव्हा बुकिंगच्या आधी एवढं विचारा की शिकवणार कोण, ते स्वतः कोणाकडे शिकले, किती वर्षं, आणि सात दिवसांत शिक्षकांना एकटं भेटून बोलता येईल का. झेनमध्ये त्या भेटीला दोकुसान म्हणतात. ती नसेल तर बाकी कितीही सुंदर असलं तरी मी जाणार नाही.

आता दिवस कसा जातो. साडेचारला घंटा. थंड पाण्याने तोंड धुवून हॉलमध्ये, पहिली बैठक एका उदबत्तीची, साधारण चाळीस मिनिटं, घड्याळ बघायचं नसतं, उदबत्ती संपली की घंटी. मग किनहिन म्हणजे एका रांगेत चालणं, मग परत एक उदबत्ती. तुमचं देऊळ सोतो पंथाचं असेल तर तोंड भिंतीकडे, रिन्झाईचं असेल तर तोंड हॉलच्या मध्याकडे. सूचना फार कमी. श्वास एक ते दहा मोजायचे, चुकलं की परत एक. इगतपुरीला गोयंका गुरुजींचा आवाज सतत सोबतीला असतो, काय करायचं, कुठे लक्ष न्यायचं, इथे तसलं काहीच नाही आणि दुसऱ्या दिवशी ते चांगलंच अंगावर येतं. दुसरा मोठा फरक डोळ्यांचा. तिथे मिटलेले, इथे अर्धे उघडे, समोर मीटरभरावर जमिनीकडे टेकवलेले. मला विपश्यनेतून आलेले लोक लगेच ओळखू येतात, पहिल्या पाच मिनिटांत डोळे मिटतात आणि आत शिरतात. आत शिरू नका. पक्षी ओरडतोय, शेजारचा खोकतोय, पायाला कळ लागलीय, हे सगळं आहे तसं असू द्यायचं, शरीरावरून लक्ष फिरवत न्यायचं नाही.

इथे एक स्पष्ट सांगते. विपश्यनेवाले स्वतःच सांगतात की दुसऱ्या पद्धतीशी मिसळू नका, आणि मला ते पटतं. सात दिवस तुमची जुनी साधना खुंटीला टांगून ठेवायची तयारी असेल तरच या. "मी हळूच संवेदना पण बघत राहीन" असं केलंत तर ना धड ते, ना धड हे. घरी परतल्यावर कुठलं चालू ठेवायचं ते शांतपणे ठरवा, कोणी घाई करणार नाही.

नाश्त्याला ओकायु, म्हणजे आपली पेजच, बरोबर उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ आणि मुळ्याचं लोणचं. देवळाचं जेवण पूर्ण शाकाहारी असतं, कांदा-लसूणही नाही, रस्सा कोम्बु या समुद्री शेवाळाचा आणि सुक्या मशरूमचा. पण चहाबरोबरचं जेवण बाहेरून येणार असेल तर आधी कळवून ठेवा, कारण जपानमध्ये देवळाबाहेर "भाजीचं सूप" म्हणून जे येतं त्याच्या पाण्यात बहुतेक वेळा सुक्या माशाचा अर्क असतो आणि त्यांना तो मांसाहार वाटतच नाही.

दुपारी ताओ. सात दिवसांच्या रिट्रीटमध्ये बहुतेक दोनच गोष्टी करून घेतात आणि तेवढ्याच कराव्यात. एक झान झुआंग, खांबासारखं उभं राहणं: पायांत खांद्याएवढं अंतर, गुडघे किंचित सैल, हात असे की झाडाला मिठी मारलीय. सुरुवातीला दहा मिनिटं, मग वीस. ऐकायला काहीच नाही, पण सातव्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागतात आणि माणूस दात-ओठ खाऊन टिकून राहायला बघतो, आणि तिथेच शिक्षक येऊन खांद्यावर दोन बोटं ठेवून म्हणतात "सोंग". चिनीत त्याचा अर्थ सैल सोडणं, ताण टाकून देणं. आपल्याकडे सोंग म्हणजे घेतलेलं रूप, आणि मला ही गंमत फार उपयोगी पडली कारण मी उभी होते ती खरंच आपल्या अर्थाचं सोंग घेऊनच, शांत बाईचं, आणि ते म्हणत होते ते टाका.

दुसरी गोष्ट झुओवांग, बसून विसरणं. हा शब्द च्वांग-त्झु या जुन्या ताओ विचारवंताच्या एका गोष्टीतला. यान हुई हा शिष्य कन्फ्यूशियसला येऊन सांगतो की माझी प्रगती होतेय, मी परोपकार आणि सदाचार विसरलो. गुरू म्हणतात बरं, पण अजून पुरतं नाही. मग येऊन सांगतो मी विधी आणि संगीत विसरलो. तरी पुरतं नाही. शेवटी येतो आणि सांगतो की मी बसलो आणि विसरलो, तेव्हा गुरू चपापतात. आता बघा, दुपारी तुम्हाला सांगतात विधी विसरा, आणि दोन तासांनी चहाच्या खोलीत गेलं की सगळा विधीच विधी! फुकुसा हा रेशमी रुमाल कसा घडी करायचा, कोणता पाय आधी, वाटी किती वेळा फिरवायची. दरवर्षी चौथ्या-पाचव्या दिवशी कोणीतरी वैतागून विचारतंच की मग खरं काय. हा विरोध आयोजकांनी लपवू नये असं मला मनापासून वाटतं, कारण या तिघांना एकत्र आणण्यात जीव असेल तर तो इथेच आहे.

माझ्यापुरतं उत्तर मला पोळ्यांवरून सापडलं. आई पोळ्या लाटायची तेव्हा हात आपोआप फिरायचे, कणकेकडे बघायचीसुद्धा नाही, आणि तेवढ्यात मामाच्या लग्नापासून गॅसच्या नंबरापर्यंत सगळं बोलून व्हायचं. हाताला बसलं की मन मोकळं होतं आणि मोकळं झालं की ते हिंडायला जातं. चहातही हाताला बसेपर्यंत घोकायचं असतं, वर्षानुवर्षं, पण हात मोकळे झाल्यावर मन तिथेच ठेवायचं, त्या पाण्याच्या आवाजापाशी. विधी विसरायचा तो असा, करता करता. न शिकताच विसरलो म्हणणं वेगळं आणि सोपं.

आणि आता ते मिझुयाचं. हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून बसलात की तुमच्या मनात काय चाललंय ते कोणाला दिसत नाही, तुम्हालाही बऱ्याचदा नाही. पाठ ताठ असली की झालं. चहाच्या खोलीत ते झाकून राहत नाही. माझी एक आठवण आहे, एका सेशिनचा, म्हणजे झेनच्या सलग बसण्याच्या शिबिराचा, पाचवा दिवस, मला वाटत होतं की मी कधी नव्हे इतकी स्थिर झालेय, सगळं कसं स्वच्छ, आवाज लांबून येतायत. त्या संध्याकाळी चहा करायची पाळी माझी. माचाच्या डबीवर, नात्सुमेवर, बांबूचा चमचा ठेवला आणि हात मागे घेताना बाहीने तो पडला. तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या जाड गवती चटईवर, बांबू पडल्याचा आवाज काय असणार, पण त्या खोलीत तो चांगलाच ऐकू आला. माझ्या शिक्षिका तेव्हा ऐंशीच्या पुढच्या होत्या, त्यांनी फक्त "पुन्हा" एवढंच म्हटलं. रात्री पडल्यावर लक्षात आलं की चमचा ठेवताना मी चमच्याबरोबर नव्हतेच, मी माझ्या शांततेकडे कौतुकाने बघत होते. पाच दिवस भिंतीसमोर हेच चाललं होतं आणि भिंतीने काही सांगितलं नाही. चमच्याने सांगितलं.

तेव्हापासून मिझुयात बसून मी हेच बघते. पाहुणा वाटी खाली ठेवतो तेव्हा ठेवण्याच्या आधीच सोडून देतो का. मिठाई उचलताना नजर पुढच्या गोष्टीवर गेलीय का. हे चूक काढायला नाही बरं का, पण सकाळचं बसणं हातापर्यंत उतरलंय का ते असं दिसतं, आणि मला झेन आणि चहा एकत्र ठेवण्यामागचं सगळ्यात भक्कम कारण हेच वाटतं. तुम्ही पाहुण्या असाल तरी एखादा दिवस तुम्हाला स्वतः घुसळायला देतात का ते विचारा. नुसतं बघायला मिळणार असेल तर अर्धंच मिळेल.

पाहुणी म्हणून तुम्हाला फार पाठ करायचं नाहीये. बागेतल्या वाटेने जायचं, दगडी कुंडीवर हात-तोंड धुवायचं, मग निजिरिगुची, म्हणजे साधारण ६६ सेंटिमीटर उंचीचं छोटं दार, त्यातून वाकून, गुडघ्यावर सरकत आत. चहाचे थोर गुरू सेन नो रिक्यु (१५२२ ते १५९१) यांच्या नावाशी हे दार जोडलेलं आहे, तलवार बाहेर ठेवून सरदारालाही वाकूनच यावं लागे. आत गेलं की आधी भिंतीतल्या कोनाड्यासमोर, तोकोनोमासमोर, बसून तिथली लिहिलेली गुंडाळी आणि फूल बघायचं, तातामीच्या काठावर पाय द्यायचा नाही. मिठाई चहाच्या आधी पूर्ण संपवायची, आपल्यासारखं एक घास, एक घोट असं नाही. आत लाल चवळीसारख्या अझुकी डाळीचं गोड सारण असतं, पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला थेट पुरणाची आठवण आली आणि डोळ्यात पाणी आलं. मग वाटी डाव्या तळव्यावर, उजव्या हाताने दोनदा घड्याळाच्या दिशेने फिरवायची म्हणजे तिची दर्शनी बाजू आपल्या ओठांना लागत नाही, आणि प्यायचं. पातळ चहाला, उसुचाला, दोन ग्रॅमच्या आसपास माचा लागतो, दाट चहाला, कोइचाला, माणशी जवळजवळ दुप्पट, आणि तो रिकाम्या पोटी घेतला तर मळमळतं. संध्याकाळी माचा घेऊन झोप लागत नसेल तर निःसंकोच सांगा, तुमची वाटी पातळ करतील.

गुडघ्यांचं. आपण भारतीय मांडी घालून बसतो त्यामुळे झाझेन आपल्याला बाकीच्यांपेक्षा सोपं जातं, खाली जाड उशी असते, झाफु, त्यावर पुढच्या काठाला बसायचं म्हणजे गुडघे खाली टेकतात. अर्धपद्मासन जमत नसेल तर दोन्ही पावलं जमिनीवर एकापुढे एक ठेवून बसा, कोणी काही म्हणत नाही, खुर्चीही मिळते. खरा प्रश्न चहाच्या खोलीत, कारण तिथे सेइझा, म्हणजे आपलं वज्रासन, आणि तेही अर्धा-पाऊण तास. आतापासून रोज जेवणानंतर पाच मिनिटं वज्रासनात बसा, पोटरी आणि मांडीच्या मध्ये टॉवेलची घडी ठेवून, आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. छोटं लाकडी बाकडं मिळतं, ते पायांच्या मधे ठेवून वर बसलं की वजन गुडघ्यावर येत नाही, ते मागून घ्या. आणि टेबल-खुर्चीवरचा चहा हा काही हल्लीचा शॉर्टकट नाहीये, उरासेंकेच्या अकराव्या प्रमुखांनी, गेन्गेन्साई यांनी, १८७२ च्या क्योतो प्रदर्शनासाठी ती पद्धत बसवली, तिला र्युरेइ म्हणतात आणि ती पूर्ण प्रतिष्ठित पद्धत आहे. तेव्हा खुर्ची मागताना ओशाळू नका. पाय बधिर झाले तर एकदम उठायचं नाही, आधी पायाची बोटं मुडपून टाचांवर बसायचं, मुंग्या जाईपर्यंत थांबायचं, मी लोकांना घाईत पडताना पाहिलंय आणि समोर उकळत्या पाण्याचं भांडं असतं.

उभं राहण्यात मांडी दुखली तर चालेल, गुडघ्याच्या आत कळ आली तर लगेच सरळ व्हा. झीज आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर जाण्याआधी त्यांना एकदा आसन दाखवा, तोंडी सांगून त्यांना कळणार नाही.

एक गोष्ट कोणी विचारत नाही पण मी नेहमी सांगते. मन फार खचलेलं असताना, नुकतंच कोणी गेलं असताना, किंवा पॅनिकचे झटके येत असताना सात दिवसांचं मौन हा उपाय म्हणून घेऊ नका. मौनात आतलं वर येतं, आणि कधीकधी ते धरायला माणूस लागतो. गोळ्या चालू असतील तर बंद करून येऊ नका आणि फॉर्मवर खरं लिहा. एका वर्षी एका बाईंनी लपवलं होतं, तिसऱ्या रात्री त्यांची अवस्था बघून आम्ही सगळेच घाबरलो, शिक्षकांनी त्यांना बसण्यातून काढून स्वयंपाकघरात मुळे चिरायला बसवलं आणि मग घरी पोचवलं. तो निर्णय बरोबर होता.

हॉलमधल्या काठीबद्दल तुम्ही काळजीने लिहिलंय. ती क्योसाकु, खांद्यावरच्या स्नायूंवर मारतात, झोप किंवा आखडलेपण घालवायला, आणि बऱ्याच ठिकाणी तुम्ही हात जोडून मागितली तरच. नको असेल तर मागू नका, संपलं.

तेव्हा माझ्या मते जा, शिक्षक वेगवेगळे असतील आणि चहा हाताने करायला देणार असतील तर नक्की जा. ऋतू निवडता येत असेल तर नोव्हेंबर बघा, तेव्हा चहाच्या खोलीत जमिनीतली चूल उघडतात, मे ते ऑक्टोबर वरती ठेवलेली शेगडी असते, आणि त्या जमिनीतल्या विस्तवाभोवती बसणं वेगळंच आहे. मात्र पहाटेचा हॉल गार असतो, गरम बनियन लागेल. चहाला जाताना अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा कारण वाटीला चरा जातो आणि काही वाट्या तीनशे वर्षांच्या असतात. अत्तर लावू नका. आणि पांढरे मोजे न्या, दोन जोड, बागेतली वाट ओली असते, एक जोड भिजतोच.